आमच्या हवेचे दप्तर

संक्रांत सरली की हुबळीच्या घरांतून ओसरी दिवसातून दोनदा पुसली जाऊ लागते. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोट ओढले तर स्वच्छ रेघ उमटते. धारवाडकडे, मलनाडाच्या अंगाला, माती तांबडी; हुबळीहून नवलगुंद-गदगाकडे वळले की काळी. पुसण्याच्या फडक्यावरून घर कोणत्या बाजूचे ते ओळखावे, असा आमच्या घरांतून एक जुना विनोद आहे. अलीकडे मात्र दोन्ही गावची फडकी सारखीच निघतात: करडी आणि किंचित तेलकट.

(सरकारी कागदांवर १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचे नाव ‘हुब्बळ्ळी’ असे झाले आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या तोंडची हुबळी मात्र सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

एका हळदीकुंकवाला हा फडक्यांचा विषय निघाला असता आमच्यांतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी, ज्यांना वस्तीतील लहानथोर सगळेच काकू म्हणतात, सहज विचारले, “ही धूळ कुणी मोजतं का हो?” कोणीतरी म्हणाले, “मोजतात की. मोबाइलवर येतं रोज.” काकूंनी पुन्हा विचारले, “पण तो आकडा कुठून येतो? कोण लिहितं?” यावर कोणालाच काही सांगता येईना. काकूंचा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. त्यांच्या पाचवीतल्या नातवाला थंडीच्या दिवसांत दम लागतो, आणि रात्री दोन-दोनदा उठून त्याला पंप द्यावा लागतो. घरामागच्या बाजूने पहाटे येणाऱ्या धुराचा वास आणि हा दम यांचा काही संबंध असावा, अशी त्यांची समजूत होती. ती खरी की खोटी, हे सांगायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. पुढे वर्षभर आम्ही चार-पाच घरांनी मिळून जी खटपट केली, ती या एका प्रश्नातून निघाली. तिची हकीकत आणि तिच्यातून आम्हांस जे कळले ते येथे सांगावयाचे आहे.

हवा मोजण्याचे काम आपल्या देशात तसे जुने नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने १९७८ च्या सुमारास देशातील दहा शहरांत पद्धतशीर मोजमापास आरंभ केला; पुढे १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे जाळे देशभर विणले. प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी राज्यांची मंडळे करतात. कर्नाटकाचे मंडळ सप्टेंबर १९७४ मध्ये स्थापन झाले, ते पाण्याच्या कायद्याखाली. हवेचा कायदा १९८१ चा. स्टॉकहोम येथे १९७२ साली भरलेल्या जागतिक परिषदेचे ते एक फळ. मंडळाचे कन्नड नाव ‘कर्नाटक राज्य मालिन्य नियंत्रण मंडळी’. आमच्या घरी हे नाव प्रथम वाचले तेव्हा हशा पिकला, कारण मराठी कानाला ‘मंडळी’ म्हणजे लग्नाच्या पंगतीस जमलेली माणसे! बंगळूरचे त्यांचे मुख्य कार्यालय ‘परिसर भवन’ म्हणून ओळखले जाते, आणि कन्नडातला हा ‘परिसर’ म्हणजे आपण ज्याला पर्यावरण म्हणतो तो.

हुबळी-धारवाडचे नाव या बाबतीत काहीशा अप्रिय कारणाने दिल्लीपर्यंत पोचलेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे ठरलेल्या मर्यादेत बसली नव्हती, अशी शंभरावर शहरे त्यात निवडली गेली. पुढे ती संख्या १३० च्या घरात गेली. कर्नाटकातली चार: बंगळूर, दावणगेरे, कलबुर्गी आणि आमची जोडनगरी. २०११ च्या जनगणनेत सुमारे ९ लाख ४३ हजार वस्तीची ही नगरी, जिच्यात मोठ्या धुराड्यांचे कारखाने मोजकेच, ती बंगळूरच्या पंक्तीस बसली हे अनेकांना खरे वाटले नाही. तथापि कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. रस्त्यांवरची उडती माती, वाहनांचा धूर, सतत चाललेली बांधकामे आणि कोपऱ्याकोपऱ्यांवर जळणारा कचरा. चन्नम्मा चौकात सायंकाळी पाच मिनिटे उभे राहणाऱ्यास अधिक सांगणे नको. धूर या गावाला नवा नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेची कर्मशाळा येथेच उभी राहिली, आणि कोळशाच्या इंजिनांच्या काळात वाळत घातलेल्या धोतरांवर काजळीचे ठिपके पडत, असे आमचे वडीलधारे सांगत. तो धूर निदान दिसत असे.

आताची धूळ दिसत नाही, म्हणून ती तोलावी लागते. तोलण्याची रीत ऐकली तर गृहिणींना मौज वाटेल. एका उभ्या पेटीत काचतंतूंचा कागद बसवितात. पेटीतला पंखा मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढतो. जाडी धूळ वाटेतच भोवऱ्यात गाळली जाते आणि दहा मायक्रॉनांहून बारीक कण कागदावर बसतात. (डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.) आठ तासांनी कागद काढून पुन्हा तोलतात. नंतरचे वजन वजा आधीचे वजन, भागिले ओढलेली हवा, झाला हिशेब. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा ओढली जाते, म्हणजे एखादा मोठा माणूस महिन्याभराहून अधिक काळात घेईल तेवढी. आता कायद्याने घातलेली मर्यादा पाहा. या बारीक धुळीची, म्हणजे पीएम-१० ची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. याचा अर्थ आठ तासांच्या कागदाचे वजन त्रेपन्न मिलिग्रॅमांनी वाढले की मर्यादा गाठली. त्रेपन्न मिलिग्रॅम म्हणजे गव्हाच्या एका टपोऱ्या दाण्याएवढे वजन. साऱ्या शहराची हवा चांगली की वाईट याचा निवाडा अशा एका दाण्यावर होतो. तराजू नेमका हवा, कागद कोरडा हवा, लिहिणारा हात प्रामाणिक हवा, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

वर्षाची सरासरी मर्यादा ६० आहे. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत हे आकडे दिलेले असून त्यांना जोडून एक टीप आहे, ती आम्हांस आकड्यांहून महत्त्वाची वाटते. वार्षिक सरासरी ही वर्षातील किमान १०४ मोजमापांची असावी, आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, दरवेळी २४ तास घेतलेल्या. म्हणजे कोणी म्हणाले की ‘गेल्या वर्षीची सरासरी इतकी’, तर आपण विचारू शकतो, ‘किती दिवसांची? कोणते दिवस? दिवाळीचा आठवडा त्यात धरला होता काय?’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच धुळीसाठी वर्षाला १५ हा आकडा सुचविला आहे, आणि आपला ६० आहे, हेही येथे नोंदवून ठेवतो.

आता मोबाइलवरच्या आकड्याकडे येऊ. केंद्रीय मंडळाचे ‘समीर’ नावाचे ॲप आहे. नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. हुबळीत देशपांडेनगरात मंडळाचे एक स्वयंचलित यंत्र आहे, तेथील मापे या ॲपवर उमटतात. हे तेच देशपांडेनगर, जेथे गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ हे घर आहे. जिच्या दमसासाची कीर्ती साऱ्या हिंदुस्थानभर झाली त्या गायिकेच्या आळीत आज श्वासाचे मोजमाप व्हावे, हा योगायोग आम्हांस नेहमी वेगळाच वाटतो. असो. ॲपवरचा निर्देशांक हा अनेक मापांतून काढलेला असतो. तो काढायला किमान तीन घटकांची मापे लागतात, त्यांत धुळीचे एक लागतेच, आणि २४ पैकी निदान १६ तासांची नोंद असावी लागते. पण ते एक बोट आहे, हात नव्हे. यंत्र कोणत्या दिवशी बंद होते, त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर असल्याची तपासणी, कधी झाली, हाताने तोललेल्या कागदांची मापे आणि यंत्राची मापे जुळतात काय, हे तेथे दिसत नाही. ते दप्तरात असते.

‘दप्तर’ हा शब्द आता मुलांच्या पाठीवर गेला आहे, पण आमच्या घरांना त्याचा जुना अर्थ चांगला माहीत आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रज सरकारचे इनाम कमिशन या दक्षिण मराठा मुलखात फिरले, तेव्हा घरोघर सनदा मागितल्या गेल्या. ज्यांच्या पेटीत कागद निघाला त्यांचे इनाम राहिले. ज्यांचा वाळवीने खाल्ला त्यांतील पुष्कळांचे खालसा झाले. सरकार मागणार आणि रयत दाखविणार, ही रीत इतकी मुरली की सरकारनेही रयतेला कागद दाखवावा ही कल्पनाच आपल्या मनाला शिवत नसे. १९८० नंतरच्या दशकात तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील तुंगभद्राकाठच्या गावांनी नदीच्या पाण्याविषयी आवाज उठविला, धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने आणि एस. आर. हिरेमठ यांनी तो पुढे नेला. त्या काळी माहितीचा कायदा नव्हता, गावकऱ्यांच्या हाती पुरावा म्हणून होते ते नदीवर तरंगणारे मेलेले मासे.

वास्तविक हवेच्या १९८१ च्या कायद्यातच एक लहानसे दार ठेवलेले होते. त्याचे ५१ वे कलम सांगते की, ज्या कारखान्यांना मंडळाने संमती दिली त्यांची, आणि त्यांना घालून दिलेल्या धुराच्या मर्यादांची, नोंदवही मंडळाने ठेवावी. आणि त्या मर्यादांशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला त्यांची झळ पोचते अशा कोणाही माणसास ती वाजवी वेळी पाहू द्यावी. इतकी वर्षे हे कलम पुस्तकात आहे. आम्ही आमच्या ओळखीच्या तीन वकिलांना विचारले. एकाला ते आठवत होते.

मोठे दार मागाहून उघडले. गोवा व तमिळनाडू यांनी १९९७ साली, कर्नाटकाने २००० साली आपापले माहितीचे कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या ऑगस्ट २००३ च्या उपोषणाची आठवण पुष्कळांना असेल. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. आमच्यांतील काहींची मुले कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्याकडून कळले ते असे की सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या परगण्यांत १९५५ पासून हवेसाठी स्वतंत्र खाते आहे, आणि त्या राज्याच्या १९६८ च्या कायद्यान्वये सरकारी कागद मागणाऱ्यास दहा दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे मुदत तीस दिवसांची आहे. पण आपल्या कायद्यात ‘माहिती’ या शब्दात कागदांबरोबर नोंदवह्या, अहवाल आणि नमुनेदेखील आले, आणि अर्जदाराने ‘कशासाठी हवी’ याचे कारण सांगण्याची गरज नाही असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. हे शेवटचे वाक्य काकूंना फार आवडले. “म्हणजे नातवाच्या दम्याचं रडगाणं गायला नको,” त्या म्हणाल्या.

तरी पहिल्या अर्जात त्यांनी ते गायलेच! तो अर्ज आम्हां सर्वांचा होता, तेव्हा दोषही सर्वांचा. सुंदर कन्नडात दोन पाने भरली होती. प्रारंभी गावाचे पूर्ववैभव, मग नातवाची प्रकृती, मग प्रश्न: आमच्या वस्तीची हवा इतकी वाईट का आहे? यास जबाबदार कोण? मंडळ यावर काय करणार आहे? रस्त्यांवर पाणी का मारले जात नाही? अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. येथे त्याला ‘हिंबरह’ म्हणतात. शब्दशः ‘मागील बाजूस लिहिलेले’, जुन्या शेऱ्यासारखे. त्यात म्हटले होते की प्रश्नांची उत्तरे देणे वा मत सांगणे कायद्यात बसत नाही, अर्ज एकाहून अधिक विषयांवर आहे, आणि दीडशे शब्दांहून मोठा आहे. आम्ही रागावलो. मग कायदा काढून वाचला, आणि राग गिळावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निवाड्यात सांगितले आहे की कार्यालयाने आपल्याजवळ असलेला कागद द्यावयाचा आहे. नसलेला तयार करावयाचा नाही, अगर आपले मत लिहून द्यावयाचे नाही. आणि कर्नाटकाच्या नियमांत खरोखरच एक विषय व साधारणतः १५० शब्द अशी अट आहे. रस्त्यावर पाणी मारण्याचा प्रश्न तर महापालिकेचा. ‘का’ हा प्रश्न मनात ठेवावा आणि अर्जात ‘कोणता कागद’ एवढेच विचारावे, ही गोष्ट आम्ही दहा रुपयांत शिकलो.

दुसरा अर्ज काकूंच्या थोरल्या नातीने लिहिला. ती पी.यू.सी.ला आहे, कन्नड माध्यमात शिकलेली. आजीचे कन्नड तिला हसू आणणारे वाटते. “आजी, तुझं कन्नड पुराणातलं आहे. ‘कृपाकटाक्ष’ कशाला? हवेत किती धूळ ते विचारायचंय ना?” असे म्हणून तिने सारे विशेषण कापून टाकले. त्या अर्जाचा मराठी आशय वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो:

‘विषय: हुबळी-धारवाड शहरांतील सभोवतालच्या हवेच्या मोजमापाच्या नोंदी. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. हवे असलेले कागद: या शहरांत मंडळातर्फे हवा मोजली जाते त्या सर्व ठिकाणांची यादी, त्यांपैकी आमच्या वस्तीला सर्वांत जवळच्या ठिकाणाची पीएम-१० च्या नमुन्यांची तारीखवार नोंदपत्रके, ज्या दिवशी मोजमाप झाले नाही त्या दिवसांची नोंद, आणि त्या यंत्राच्या कॅलिब्रेशनच्या दाखल्याची प्रत. प्रथम हे कागद कार्यालयात येऊन पाहण्याची व नंतर निवडक प्रती घेण्याची आमची इच्छा आहे. पाहणीचा दिवस व वेळ कळवावी.’

इतकेच. खाली नाव, पत्ता, सही, आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. म्हणून आधी पाहावे आणि मग मागावे, हे शहाणपणाचे. नातीने आणखी एक गोष्ट केली, जी आम्हांला सुचली नसती. तिने कागदांची नावे मंडळाच्या जुन्या वार्षिक अहवालात कशी लिहिली आहेत ते पाहून तेच शब्द अर्जात वापरले. ज्याचे दप्तर त्याच्याच भाषेत मागितले की शोधणाऱ्याची वेळ वाचते, आणि ‘असा कागद नाही’ म्हणण्यास जागा राहत नाही.

भाषेविषयी येथे थोडे थांबावे लागेल, कारण हे मासिक महाराष्ट्राबाहेरच्या घरांत वाचले जाते. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणजे धारवाडात कन्नड, बडोद्यात गुजराती, तंजावरात तमिळ, मराठीत नाही. याचे काहींना वाईट वाटते. आम्हांला वाटत नाही. अर्ज वाचणारा टेबलामागचा माणूस ज्या भाषेत विचार करतो तिच्यात लिहिलेला अर्ज लवकर वाचला जातो, आणि तीन-चार पिढ्या ज्या मातीत राहिलो तिची भाषा आपल्या मुलांना आपल्याहून चांगली येते, ही खंत मानण्याची गोष्ट खासच नव्हे. शिवाय या प्रांतातले सरकारी कन्नड आम्हांस मुळीच परके नाही. कायद्याचे नाव ‘माहिती हक्कु’. अर्जाला ‘अर्जी’, कागदपत्रांना ‘दाखले’, कार्यालयाला ‘कचेरी’, धुळीला ‘धूळु’. एकाच जुन्या कारकुनी पेटीतून दोन्ही भाषांनी शब्द उचलले आहेत. ज्याला लिहिताच येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास साहाय्य करावे, असेही कायदा माहिती अधिकाऱ्यास सांगतो. वृद्धांनी हे ध्यानात ठेवावे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही शहरेही स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. तेथील वाचकांना कायदा हाच, फक्त मंडळ वेगळे आणि फी-शब्दमर्यादेचे नियम त्या त्या राज्याचे; ते आधी पाहून घ्यावेत. या कार्यक्रमात ठरलेले उद्दिष्ट आधी २०१७ च्या मानाने २०२४ पर्यंत धूळ २० ते ३० टक्के कमी करण्याचे होते; पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढविले गेले. त्यासाठी शहरांना पैसा मिळाला आहे. तो कशावर खर्च झाला, याचे कागद मंडळाकडे कमी आणि महापालिकेकडे अधिक असतात. अर्ज चुकीच्या दारी गेला तर पाच दिवसांत तो योग्य दारी पाठविण्याचे बंधन आहे. पण स्वतःच नीट पाठविलेला बरा.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे वाटल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे तीस दिवसांच्या आत पहिले अपील, आणि तेथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत राज्याच्या माहिती आयोगाकडे दुसरे. आमच्या भागासाठी आयोगाचे पीठ बेळगावात आहे, त्यामुळे बंगळूरची वारी वाचते. उशीर झाला तर प्रती विनामूल्य द्याव्या लागतात, आणि विनाकारण अडवणूक केल्याचे ठरल्यास अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड होतो. हे सारे आम्ही दुसऱ्या एका कार्यालयाच्या बाबतीत अनुभवले आहे. नाव घेण्याचे कारण नाही, कारण अखेर कागद मिळाले आणि देणाऱ्याने चहाही दिला. अपिलाची धमकी पहिल्याच अर्जात लिहिणारे काही लोक असतात. ती लिहू नये. लिहिणाऱ्याला समाधान होते, काम होत नाही.

दुसऱ्या अर्जाचे उत्तर बाविसाव्या दिवशी आले, पाहणीस या म्हणून. काकू, त्यांची नात आणि आम्ही दोघे असे चौघे गेलो. काकूंनी डबा, चष्मा आणि भिंग घेतले होते. पत्रकांचा गठ्ठा समोर आला. तारीख, पाळी, कागदाचे आधीचे वजन, नंतरचे वजन, हवेचा वेग, कोणा अनोळखी हातांची वळणदार अक्षरे. पावसाळ्यात वजन उतरते आणि थंडीत चढते हे पुस्तकात वाचले होते. ते आषाढाची आणि माघाची पत्रके शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहणे निराळे. नातीने १०४ चा नियम लक्षात ठेवून तारखा मोजायला घेतल्या. काकू मात्र ठिकाणांची यादी पाहत होत्या. बराच वेळ भिंग एकाच जागी होते. मग त्या हळूच म्हणाल्या, “आपल्या बाजूला काहीच नाही गं.” खरेच होते. सर्वांत जवळचे ठिकाण आमच्या वस्तीपासून पाच-सहा किलोमीटर दूर. ज्या आकड्यावर आम्ही सकाळी मुलांना मैदानात सोडायचे की नाही ते ठरवीत होतो, तो दुसऱ्याच आळीचा होता. तेथे काय वारा वाहतो, त्यावरून घरामागच्या पहाटेच्या धुराविषयी काहीही सांगता येत नव्हते. यात कोणाची लबाडी नव्हती; एवढ्या मोठ्या शहरात मोजण्याची ठिकाणे थोडी आहेत, इतकेच.

आमच्यापैकी एक जण निराश होऊन म्हणाले, “म्हणजे सगळा खटाटोप फुकट.” तसे नव्हते. त्याच टेबलाशी बसलेल्या एका वयस्क कारकुनाने, काकूंचे भिंग पाहून असेल, आस्थेने विचारले की नेमकी अडचण काय आहे. सांगितल्यावर ते म्हणाले, “अज्जी, मग हवेची पत्रकं कशाला पाहता? संमतीची नोंद पाहा.” म्हणजे तेच ५१ वे कलम. वस्तीमागच्या त्या लहान कारखान्याचे (त्याचे नाव येथे नको) संमतिपत्र काढून दाखविण्यात आले. बॉयलरला कोणते इंधन, धुराड्याची उंची किती, धुरातील धुळीची मर्यादा किती, हे सारे त्यात होते. इंधनाच्या रकान्यात लाकडी भुशाच्या विटा लिहिलेल्या. पहाटे आमच्या खिडक्यांतून येणारा वास लाकडाचा नाही, हे सांगायला प्रयोगशाळा नको; चूल पेटविलेल्या कोणत्याही बाईला ते कळते.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट कळली, ती विषयाला थोडी सोडून असली तरी मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांना कामाची आहे. डिझेल जनरेटरच्या धुराची नळी इमारतीच्या उंचीपेक्षा किती वर न्यावी याचे सूत्र ठरलेले आहे: जनरेटरची शक्ती केव्हीएमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाची ०.२ पट, तितके मीटर. १०० केव्हीएच्या यंत्राला दोन मीटर, २२५ च्या यंत्राला तीन. म्हणजे नळी छपराच्या खाली, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवता येत नाही. लग्नसराईत हे सूत्र पाठ असावे.

संमतिपत्राची प्रत चौदा रुपयांत मिळाली. त्या रात्री नातीने तक्रार लिहिली. ‘धुराचा त्रास होतो’ असे तिच्यात एकदाही आले नाही. संमतिपत्राची तारीख व क्रमांक, इंधनाचा रकाना, आणि खाली आम्ही पाच घरांनी तीन आठवडे ठेवलेली वही: कोणत्या दिवशी, किती वाजता, वारा कोठून, वास कसा. वहीत काकूंच्या हातची एक वेगळी ओळ रोज आहे, नातवाला रात्री पंप किती वेळा लागला त्याची. ती तक्रारीत घालावी की नाही यावर आजी-नातीचा थोडा वाद झाला. नातीचे म्हणणे, तो पुरावा नव्हे. शेवटी ती ओळ तशीच राहू दिली, पण वेगळ्या पानावर.

तक्रार पोचल्याची पावती आली आहे. तिचा क्रमांक काकूंनी देवघरातल्या पंचांगावर लिहून ठेवला आहे, आणि त्याखाली तीस घरे आखली आहेत. आज सतरावे घर भरले.